चौसष्ट बाइटांचा तक्ता : जुन्या वैयक्तिक संगणकांवरील हार्ड डिस्कचे विभाजन आणि त्यातील सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा प्रोसेसरचा वेग, स्मृतीची क्षमता आणि कार्यप्रणालींच्या आवृत्त्या यांच्या आधारे सांगितला जातो. वापरकर्त्याच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाची गोष्ट म्हणजे त्याने साठविलेली माहिती होय. ही माहिती डिस्कवर कोठून कोठपर्यंत आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. ही नोंद अवघ्या ६४ बाइटांची असते. तिच्या आधारे जवळजवळ तीन दशके जगभरातील वैयक्तिक संगणकांवरील दस्तऐवज, हिशेब, निकालपत्रे आणि हस्तलिखिते उभी होती. या नोंदीत फेरफार करणारी जी सॉफ्टवेअरे निर्माण झाली, ती सुरक्षितपणे कशी वापरावीत याचे नियम कोणा एका ग्रंथात आधी लिहिले गेले आणि मग पाळले गेले असे घडले नाही. मूळ रचनेतील तडजोडी आणि त्यांतून झालेले अपघात यांमधून ते हळूहळू आकारास आले. प्रस्तुत लेखात त्या तडजोडींचा आणि नियमांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

विभाजनाचा उगम

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. सर्व काम फ्लॉपीवर चाले. मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटी या प्रतिमानात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसविण्यात आली. त्यासोबतच्या डॉस २.० मध्ये ‘एफडिस्क’ हा विभाजनाचा प्रोग्राम प्रथम समाविष्ट झाला. दहा मेगाबाइटच्या डिस्कचे तुकडे करण्याची गरज काय, असा प्रश्न आज सहज पडेल. त्याचे उत्तर त्या काळातील कार्यप्रणालींच्या स्पर्धेत आहे. डॉसचे वर्चस्व तेव्हा निर्विवाद नव्हते. सीपी/एम-८६ सारख्या प्रणालीही त्याच यंत्रावर चालत. एकाच डिस्कवर त्यांना शेजारी शेजारी नांदता यावे, हा विभाजनामागील हेतू होता.

त्यासाठी जी रचना ठरली ती अत्यंत काटकसरीची होती. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांत, सर्व काही बसविण्यात आले. पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या संकेतावलीसाठी, पुढील ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट हा सेक्टर वैध असल्याची खूण म्हणून राखण्यात आले. तक्त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत पार्टिशनचा प्रकार, त्याचा आरंभ, शेवट आणि लांबी दिलेली असते. या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कवर कोठेही ठेवलेली नसते. तो बरोबर आहे की बिघडला आहे हे तपासण्यासाठी बेरीज-पडताळणीची सोयही त्यात नाही. फाइलींची नोंद ठेवणाऱ्या फॅट कोष्टकाच्या मात्र दोन प्रती ठेवलेल्या होत्या. घरातील प्रत्येक खोलीची यादी दुहेरी ठेवावी आणि घराचा सातबारा मात्र एकाच कागदावर असावा, असा हा प्रकार म्हणावा लागेल. १९८३ मध्ये ही त्रुटी कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते, कारण १० मेगाबाइटची संपूर्ण डिस्क फ्लॉपींवर उतरवून घेणे शक्य होते. क्षमता वाढत गेली, तसा हा सोपा उपाय हातातून निसटला.

मर्यादांची मालिका

पुढील वीस वर्षांतील विभाजनाचा इतिहास हा प्रामुख्याने ओलांडाव्या लागलेल्या मर्यादांचा इतिहास आहे. सेक्टरची संख्या मोजण्यासाठी डॉस १६ बिटांचा अंक वापरीत असल्यामुळे एका पार्टिशनचा आकार ३२ मेगाबाइटपुढे जाऊ शकत नव्हता. १९८७ मधील डॉस ३.३ ने यावर ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनचा तोडगा काढला. त्याच्या पोटात अनेक लॉजिकल ड्राइव्ह करता येत. प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हच्या आधीच्या सेक्टरमध्ये पुढच्या ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला असे. म्हणजेच ही एक साखळी होती, आणि तिची मधली एक कडी बिघडली तर तिच्या पुढचे सर्व ड्राइव्ह एकाच वेळी दिसेनासे होत. ‘डी’ शाबूत आहे, पण ‘ई’ आणि ‘एफ’ नाहीसे झाले, या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडे.

पुढे पार्टिशनचा आकार २ गिगाबाइटपर्यंत वाढला. त्याची किंमत क्लस्टरच्या रूपाने मोजावी लागली. १ ते २ गिगाबाइटच्या फॅट-१६ पार्टिशनवर एका क्लस्टरचा आकार ३२ किलोबाइट असे, त्यामुळे एक किलोबाइटचे पत्रही ३२ किलोबाइट जागा अडवी. प्रत्येक फाइलीमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरले, तर दहा हजार फाइलींमागे सुमारे १५६ मेगाबाइट जागा निरुपयोगी ठरते. डिस्कचे लहान तुकडे करण्याचा प्रघात पडण्यामागे हे अगदी व्यावहारिक कारण होते. ऑगस्ट १९९६ मधील विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट-३२ आले आणि हा अपव्यय घटला. त्याबरोबर एक नवा धोका मात्र दाखल झाला. मोठ्या डिस्कसाठीची सोय हवी आहे काय, असा प्रश्न एफडिस्क सुरुवातीलाच विचारी. त्याला होकार दिल्यावर तयार झालेली पार्टिशने जुन्या डॉसला, विंडोज ९५ च्या मूळ आवृत्तीला आणि विंडोज एनटी ४.० ला वाचता येत नसत. हा इशारा पडद्यावर लिहिलेला असे, पण तो वाचण्याचे कष्ट फार थोडे वापरकर्ते घेत.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न बायोसचा होता. बायोस डिस्कवरील जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन अंकांनी ओळखी. बायोसला १०२४ हून अधिक सिलिंडर मोजता येत नसत, तर आयडीई डिस्कच्या मानकात १६ हून अधिक हेड नव्हते. दोन्ही नियमांतील कमी असलेली संख्या लागू झाल्याने १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२८ दशलक्ष बाइट, ही मर्यादा उभी राहिली. ती ओलांडण्यासाठी बायोस अंकांचे रूपांतर करू लागला. त्यानंतरची भिंत ८.४ गिगाबाइटवर आली आणि २८ बिटांच्या पत्त्यांमुळे तिच्या पुढची भिंत १३७ गिगाबाइटवर.

या रूपांतराचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे, आणि जुन्या संगणकांच्या बाबतीत तो विशेष लक्षात घ्यावा लागतो. मदरबोर्डवरील बॅटरी संपली की बायोसमधील डिस्कची मांडणी पुसली जाई. दुरुस्ती करणाऱ्याने ती पुन्हा भरताना ‘एलबीए’ ऐवजी ‘नॉर्मल’ निवडले, तर तीच डिस्क वेगळ्याच अंकांनी वाचली जाई आणि सर्व फाइली विस्कटल्यासारख्या दिसत. प्रत्यक्षात डिस्कवर काहीही बिघडलेले नसे. पण अशा अवस्थेत स्कॅनडिस्कला ‘दुरुस्ती’ करू दिली, तर मात्र खरोखरीचा विध्वंस घडे. एका संगणकातील डिस्क काढून दुसऱ्या संगणकात बसविल्यावरही हाच प्रसंग उद्भवू शके. म्हणून डिस्क ‘खराब’ दिसताच आधी बायोसची मांडणी तपासावी आणि तोपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नये, हा नियम अनुभवी तंत्रज्ञ कटाक्षाने पाळीत. जुना बायोस मोठी डिस्क ओळखत नसेल, तर पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची संकेतावली बसविणारी ‘ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर’सारखी सॉफ्टवेअरे वापरली जात. अशी डिस्क साध्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून पाहिली असता तिच्यावरील पार्टिशने चुकीची दिसत किंवा मुळीच दिसत नसत.

एफडिस्कचा कठोरपणा

एफडिस्कला आकार बदलणे ठाऊकच नव्हते. पार्टिशन लहान करावयाचे असेल तर ते पुसून नव्याने निर्माण करणे एवढाच मार्ग होता. पुसण्याचा क्रमही ठरलेला असे. आधी लॉजिकल ड्राइव्ह, मग एक्स्टेंडेड आणि शेवटी प्रायमरी पार्टिशन पुसावे लागे. प्रायमरी पार्टिशन पुसण्यापूर्वी त्याचे नाव टंकित करावे लागे. हा प्रोग्राम गैरसोयीचा म्हणून बदनाम झाला, पण या कठोरपणात एक प्रामाणिकपणा होता असे म्हणावे लागते. आपण माहिती गमावणार आहोत हे वापरकर्त्याला आधीच ठाऊक असे, आणि म्हणून तो बॅकअप घेऊन मगच कामाला लागे.

एफडिस्कची उणीव अन्यत्र होती. डॉस ड्राइव्हला अक्षरे देताना आधी पहिल्या डिस्कचे प्रायमरी पार्टिशन, मग दुसऱ्या डिस्कचे प्रायमरी आणि त्यानंतर लॉजिकल ड्राइव्ह असा क्रम लावी. त्यामुळे ‘सी’ आणि ‘डी’ असलेल्या संगणकात दुसरी डिस्क बसविली की तिचे प्रायमरी पार्टिशन ‘डी’ होई आणि पूर्वीचा ‘डी’ आपोआप ‘ई’ बनत असे. नवी डिस्क शेवटचे अक्षर घेईल अशा समजुतीने फॉरमॅटचा आदेश ‘ई’वर दिला गेला, तर जुनी माहिती पुसली जाई. अक्षरावर विश्वास न ठेवता आकार आणि नाव पाहूनच ड्राइव्ह ओळखावा, हा नियम अशा अपघातांतून आला. विंडोज ९८ मधील एफडिस्क तर ६४ गिगाबाइटहून मोठ्या डिस्कचा आकार ६४ गिगाबाइट कमी करून दाखवी. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी सुधारित प्रत द्यावी लागली.

तक्त्याची प्रत जपण्याची कल्पना मात्र तेव्हाही अपरिचित नव्हती. १९९१ मधील डॉस ५.० मध्ये ‘मिरर’ हा आदेश होता. योग्य पर्यायासह तो दिला असता पार्टिशनचा तक्ता फ्लॉपीवर उतरवून ठेवता येई, आणि प्रसंगी ‘अनफॉरमॅट’ आदेशाने परत बसविता येई. डॉस ६ च्या मूळ संचातून ‘मिरर’ वगळला गेला. इतकी स्वस्त आणि परिणामकारक सोय काढून टाकली गेल्याचे नवल वाटते.

विषाणू आणि ‘एमबीआर’चा उतावळा उपाय

पहिल्या सेक्टरचे महत्त्व विषाणू लिहिणाऱ्यांनी लवकर ओळखले. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेला ‘स्टोन्ड’ हा विषाणू मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून त्याच्या जागी स्वतः बसे. डॉस ५.० पासून एफडिस्कमध्ये ‘/एमबीआर’ हा एक पर्याय होता. त्याने तक्ता कायम ठेवून फक्त संकेतावली नव्याने लिहिली जाई. अनेक विषाणूंवर तो रामबाण ठरल्याने संगणक सुरू होईना की तोच आदेश द्यावा, अशी रूढी पडली. ‘मंकी’ विषाणूने ती महाग पाडली. हा विषाणू मूळ तक्ता जागेवर ठेवीतच नसे, तर सांकेतिक रूपात अन्यत्र दडवीत असे. तो स्मृतीत असेपर्यंत डिस्क व्यवस्थित दिसे. ‘/एमबीआर’ आदेशाने विषाणू जाई आणि त्याच्यासोबत तक्त्याचा ठावठिकाणाही जाई. डिस्क मॅनेजर बसविलेल्या डिस्कवर किंवा लिनक्सचा लिलो असलेल्या संगणकावरही हा आदेश असाच अनर्थकारक ठरू शके.

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच, म्हणजेच ‘चेर्नोबिल’ विषाणूने भारतासह आशियातील अनेक देशांत जो फटका दिला, त्याने या रचनेची दुर्बलता उघडी पडली. डिस्कचा सुरुवातीचा सुमारे एक मेगाबाइट भाग त्याने निरर्थक बाइटांनी भरून टाकला. कित्येक गिगाबाइटच्या डिस्कमधील हा अत्यल्प अंश होता, तरीही सर्व माहिती गेल्यासारखी झाली. फॅट-३२ च्या मोठ्या पार्टिशनवर फॅटची दुसरी प्रत त्या एक मेगाबाइटच्या पलीकडे असल्यामुळे पुष्कळदा वाचली होती. ज्यांनी घाईने पुन्हा फॉरमॅट केले नाही, त्यांना ती माहिती परत मिळू शकत होती.

न पुसता विभाजन

१९९० च्या दशकात लिनक्सचा प्रसार होऊ लागला, तशी विंडोज न पुसता तिच्या शेजारी जागा करण्याची गरज निर्माण झाली. ‘फिप्स’ हा मोफत प्रोग्राम लिनक्सच्या सीडींवर दिला जाई. तो फॅट पार्टिशनच्या शेवटी असलेली मोकळी जागा तोडून वेगळी करी, फाइली मात्र हलवीत नसे. म्हणून आधी स्कॅनडिस्क, मग डीफ्रॅग आणि नंतर फिप्स असा क्रम अनिवार्य होता. काम सुरू करण्यापूर्वी मूळ सेक्टरांची प्रत फ्लॉपीवर घेण्याबद्दल तो आवर्जून विचारी. त्याच्या मार्गदर्शिकेत एक मौजेची अडचण नोंदविलेली आहे. ‘मिरर’ आणि नॉर्टनचा ‘इमेज’ हे प्रोग्राम डिस्कच्या अगदी शेवटी एक लपविलेली फाइल ठेवीत. डीफ्रॅग ती हलवीत नसे आणि त्यामुळे फिप्स अडून बसे. सुरक्षिततेसाठी केलेली एक तरतूद अशी दुसऱ्या सुरक्षित मार्गात आडवी येई.

पॉवरक्वेस्ट या अमेरिकन कंपनीच्या ‘पार्टिशनमॅजिक’ने हे सारे माउसच्या एका ओढण्यावर आणून ठेवले. २००३ मध्ये ही कंपनी सिमॅन्टेकने विकत घेतली आणि काही वर्षांनी या सॉफ्टवेअरची वाटचाल थांबली. पार्टिशन हलविताना त्यातील माहिती खरोखरच एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेली जाते. जुन्या संगणकावर या कामास कित्येक तास लागत. त्या अवधीत पार्टिशनला ‘पुनर्प्राप्ती’ सूचक वेगळा प्रकार-क्रमांक दिला जाई. काम मधेच थांबले तर पार्टिशन त्याच क्रमांकासह अर्धवट अवस्थेत राही आणि कोणतीही कार्यप्रणाली त्याला ओळखत नसे. महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात भारनियमन हा दैनंदिन अनुभव होता. यूपीएसची बॅटरी साधारणतः पंधरा-वीस मिनिटे तग धरी. तीन तासांचे काम अशा आधारावर सुरू करणे म्हणजे जुगारच होता. वास्तविक आकार शेवटच्या बाजूने कमी केला, तर हलवावी लागणारी माहिती थोडी असते. आरंभबिंदू सरकविला, तर जवळजवळ सर्व माहिती हलवावी लागते. पडद्यावर या दोन्ही क्रिया सारख्याच सोप्या दिसत, आणि सोयीस्कर सॉफ्टवेअरचा हा दोष एफडिस्कच्या रुक्षपणाहून गंभीर मानावा लागेल.

दोन सॉफ्टवेअरांचे एकमत नसणे

मे २००४ मध्ये आलेल्या फेडोरा कोर २ या लिनक्स वितरणाच्या वेळी घडलेला प्रसंग या इतिहासात बोधप्रद आहे. लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये डिस्कची भूमिती बायोसला विचारून घेण्याची पद्धत सोडण्यात आली होती. त्यामुळे स्थापनेच्या वेळी तक्ता पुन्हा लिहिताना सिलिंडर-हेड-सेक्टरचे अंक बायोसच्या हिशेबाहून वेगळे लिहिले गेले. लिनक्स हे अंक वापरीतच नसल्यामुळे ते सुरळीत चाले, पण शेजारची विंडोज एक्सपी सुरू होईना. सुसे ९.१ सारख्या समकालीन वितरणांतही हीच तक्रार आली. पार्टिशनमधील एकही फाइल नष्ट झालेली नव्हती. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘ऑटो’ऐवजी ‘एलबीए’ केल्यास किंवा तक्ता योग्य भूमितीसह पुन्हा लिहिल्यास काम होई. ज्यांनी विंडोज गेली असे समजून डिस्क फॉरमॅट केली, त्यांनी आपली माहिती स्वतःच्या हाताने गमावली.

विंडोज व्हिस्टानेही असाच पेच निर्माण केला. तोवर पार्टिशनचा आरंभ सिलिंडरच्या सीमेवर, पहिल्या पार्टिशनच्या बाबतीत ६३ व्या सेक्टरवर, करण्याचा संकेत होता. व्हिस्टाने तो मोडून एक मेगाबाइटची सीमा स्वीकारली. व्हिस्टात केलेल्या लॉजिकल पार्टिशनांच्या डिस्कवर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून बदल केल्यास काही लॉजिकल ड्राइव्ह नाहीसे होण्याचे प्रकार घडले. एका पिढीच्या साधनाने केलेली मांडणी जुन्या पिढीच्या साधनाला ‘चूक’ वाटते आणि ते ती ‘सुधारावयास’ निघते. अशा वेळी त्याच्या सूचनेस नकार देणेच इष्ट असे.

सी, डी आणि ई

भारतातील जोडणी केलेल्या संगणकांवर डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून देण्याची प्रथा सार्वत्रिक होती. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रात संगणक खेडोपाडी पोहोचला, आणि ‘सी फॉरमॅट केला तरी डी सुरक्षित’ ही समजूतही दूरवर रुजली. ती अर्धवटच खरी होती. विंडोज ९८ मध्ये डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर ‘सी’वरच असत, आणि वापरकर्ते नेमक्या याच ठिकाणी फाइली ठेवीत. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. युनिकोडपूर्व काळातील मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे आपापल्या फाँट-संकेतांवर चालत. ‘सी’ फॉरमॅट होताच तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर जाई. ‘डी’वरील हस्तलिखित शाबूत राही, पण उघडल्यावर त्यात रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसे. तेव्हा अशा संगणकाच्या बॅकअपमध्ये फाइलींसोबत फाँट आणि स्थापनेची सीडी यांचाही समावेश करावा लागे. शिवाय सी आणि डी हे एकाच चकतीचे भाग असल्यामुळे ती चकती निकामी झाली तर दोन्ही एकदमच जात.

पुनर्प्राप्ती आणि नवी रचना

पार्टिशन पुसले म्हणजे तक्त्यातील नोंद जाते, आतील माहिती लगेच जात नाही. ‘टेस्टडिस्क’सारखी मुक्त साधने याच वस्तुस्थितीवर आधारलेली आहेत. फॅट-३२ मध्ये बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या सहाव्या सेक्टरवर, तर एनटीएफएसमध्ये अगदी शेवटच्या सेक्टरवर असते. या खुणा शोधून हरवलेला तक्ता नव्याने रचता येतो. लिनक्समध्ये ‘डीडी’ आदेशाने पहिल्या ५१२ बाइटांची प्रत घेण्याचा परिपाठ होता. ती परत बसविताना मात्र सावधगिरी लागे. पार्टिशने मध्यंतरी बदललेली असतील, तर ४४६ बाइटच परत लिहावेत, अन्यथा जुना तक्ता नव्यावर बसे. शिवाय लॉजिकल ड्राइव्हची साखळी या प्रतीत येत नाही. तिच्यासाठी ‘एसएफडिस्क’ने तक्त्याची लेखी नोंद घेऊन ती कागदावर छापून ठेवणे अधिक श्रेयस्कर होते.

१९८३ च्या तक्त्यात ३२ बिटांचे अंक असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरवर त्याची धाव सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतच आहे. त्याची जागा घेणाऱ्या जीपीटी रचनेत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते आणि दोन्हींची बेरीज-पडताळणी होते. पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीचा एक संरक्षक तक्ताही लिहिलेला असतो. जुन्या साधनांना त्यामुळे सारी डिस्क एकाच अपरिचित पार्टिशनने व्यापलेली दिसते आणि ती रिकामी समजून त्यांनी तिच्यावर लिहू नये, अशी त्यामागील अपेक्षा असते.

महाविद्यालयांच्या कपाटांत आणि छापखान्यांच्या माळ्यांवर जुन्या रचनेच्या असंख्य डिस्क अद्याप पडून आहेत. त्यांतील काहींवर युनिकोडपूर्व मराठी मजकुराची एकमेव प्रत असणे शक्य आहे. अशी डिस्क आजच्या संगणकास जोडण्यापूर्वी, तिच्यावर लिहिता येणार नाही अशी व्यवस्था करून ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने तिची सेक्टरवार प्रतिमा घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. पहिला सेक्टर बिघडलेला असल्यास विंडोज ही डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करण्याची परवानगी मागते. होकार दिला की त्या सेक्टरवर नवा रिकामा तक्ता लिहिला जातो. म्हणून तेथे ‘रद्द करा’ हेच बटण दाबावे.